तीन पट्ट्यांची तार

मंगळवारी सकाळी मास्तरांनी पाटीवर लिहिलं, ‘रेडिओ देऊन टाकतोय. रविवारी डेंटिस्ट न्यायला येईल.’ पाटी त्यांनी बायकोच्या शिलाई मशीनवर, अर्धवट शिवलेल्या बाहीवर ठेवली आणि खिडकीपाशी जाऊन पाठ करून बसले.

बाईंनी वाचलं आणि पायडल थांबलं. इमारतीत सगळे त्यांना टेलरबाई म्हणायचे आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा मशीनपेक्षा जोरात चालतो असंही मागून म्हणायचे. त्या सकाळी मात्र त्यांनी पाटी नुसती उचलून बाजूला ठेवली.

मास्तर तंत्रशाळेत वीजकाम शिकवून निवृत्त झालेले. हौशी रेडिओचं लायसन्स त्यांच्याकडे लग्नाआधीपासून होतं, म्हणजे सवत आधी आली आणि आपण नंतर, असं बाई हसत सांगायच्या. एकोणीस वर्षं रोज सकाळी सात वाजता मास्तर रेडिओवर हजेरी घ्यायचे. गावोगावचे तीसेक हौशी लोक रेडिओवरच्या एका ठरलेल्या जागी जमायचे, मास्तर एकेकाचा कॉलसाइन, म्हणजे लायसन्सवरचं सांकेतिक नाव, पुकारायचे, तो ‘हजर’ म्हणायचा, आपल्याकडची हवा नि गुडघेदुखी सांगायचा आणि पुढचा नंबर लागायचा. मास्तरांचा आवाज म्हणजे नगारा. “तुम्हाला रेडिओ कशाला हवा? नुसती खिडकी उघडा, पोचेल सगळ्यांना,” असं बाई त्यांना कितीदा तरी म्हणाल्या होत्या.

आठ महिन्यांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्रच काढावं लागलं. हॉस्पिटल जवळ पडावं म्हणून दोघं जुनं घर सोडून या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आले. रेडिओची जुनी तार, म्हणजे अँटेना, जुन्या घराच्या झाडावर राहिली, रेडिओ खोक्यात भरून पलंगाखाली गेला आणि हजेरी त्यांचा रेडिओतला विद्यार्थी, तो दातांचा डॉक्टर, घेऊ लागला. मास्तरांच्या हातात पाटी आली. पाटीवर ते लिहायचे, ‘चहा.’ ‘नको.’ ‘पंखा बंद कर.’ आठ महिन्यांत याहून लांब वाक्य बाईंनी पाहिलं नव्हतं. पहिलं लांब वाक्य आलं ते हे, रेडिओ देऊन टाकण्याचं.

खरं तर रेडिओला घसा लागतोच असं नाही. मास्तरांकडे तारयंत्राची पितळेची चावी होती, कडकट्ट वाजवून अक्षरं पाठवायची, आणि तरुणपणी ती त्यांच्या बोटांत अशी खेळायची की बाई मशीन थांबवून बघत बसायच्या. घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात बाईंनी तिची आठवण करून दिली होती. मास्तरांनी लिहिलं होतं, ‘हजेरी तोंडी असते.’ विषय तिथेच संपला होता.

जेवण रोज थोडं थोडं कमी होत होतं. खिडकीतून ते रस्ता बघायचे, पण रस्त्यावरचं काही त्यांच्या डोळ्यांत शिरायचं नाही. हा माणूस हळूहळू आवरतं घेतोय, हे बाईंना दिसत होतं आणि त्या घाबरल्या होत्या. रेडिओ या घरातून गेला की मागोमाग हेही जातील, हे त्यांच्या मनानं पक्कं घेतलं होतं.

दुपारी त्यांनी डाव टाकला.

“द्यायचा तर द्या,” त्या बाही टाचत म्हणाल्या. “पण आठ महिने खोक्यात पडलेलं यंत्र असंच कुणाच्या हातात देतात का? उद्या तो म्हणेल, मास्तरांनी बिघडलेलं गळ्यात मारलं. चालू करून, दाखवून द्यायला हवं.”

मास्तरांनी लिहिलं, ‘तार नाही.’

“तार मी बांधते.”

मास्तरांनी मान वळवून त्यांच्याकडे नीट बघितलं. मग लिहिलं, ‘तुझी मर्जी.’ त्यांच्या चेहऱ्यावर एवढंच होतं की करून बघ, दमशील नि गप्प बसशील. छत्तीस वर्षं संसार करूनही माणसाला आपली बायको कळत नाही ती अशी.

मास्तरांच्या वहीत एक आकृती होती, दोन वर्षांपूर्वी हौसेनं काढलेली आणि बांधायची राहून गेलेली. तीन पट्ट्यांवर, म्हणजे लहरींच्या तीन लांबींवर, चालणारी तार. बाईंनी ती ड्रेसचा कागदी नमुना वाचावा तशी वाचली. हिशोब सोपा होता: जितकी लहर लांब, तितकी तार लांब. चाळीस मीटरच्या पट्ट्यासाठी प्रत्येक बाजूला दहा मीटर, विसासाठी पाच, दहासाठी अडीच. तिन्ही जोड्या मध्यभागी एकाच ठिकाणी जोडायच्या आणि तिथून एक जाड केबल खाली रेडिओपर्यंत आणायची. हजेरी विसाच्या पट्ट्यावर भरायची, हे त्यांना इतक्या वर्षांच्या ऐकण्यानं पाठ होतं.

परवानगीसाठी त्या पहिल्या मजल्यावरच्या वकिलांकडे गेल्या, कारण इमारतीचे अध्यक्ष तेच. वकिलांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण त्यांच्या काळ्या कोटाचं अस्तर बाईंनी दोनदा बदललं होतं, आणि तिसऱ्यांदा बदलायची वेळ आली होती. “गच्चीवर तारांचं जंजाळ नको,” ते शेवटी म्हणाले. “एकच तार, नीटनेटकी. बघणाऱ्याला कळूही नये.”

“कळणार नाही,” बाई म्हणाल्या.

बुधवारी त्यांनी प्लास्टिकचं आवरण असलेली तार आणली, जिन्याबाहेरच्या लांब पॅसेजमध्ये फरशीवर खडूनं खुणा केल्या आणि कापली. कापडाला माया सोडतात तशी प्रत्येक टोकाला वीतभर माया सोडली, कारण कमी पडलेलं वाढवता येत नाही हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. भाजी चिरायच्या जुन्या प्लास्टिकच्या फळीचा तुकडा कापून, त्याला भोकं पाडून मधला जोड केला. केबलच्या आतल्या तारेला डावीकडच्या तिन्ही, बाहेरच्या जाळीला उजवीकडच्या तिन्ही. कथलाचे डाग द्यायचं मास्तरांचं सोल्डरिंग आयर्न काढलं. पहिला डाग फोडासारखा फुगला आणि हलवताच निघाला. दुसरा बरा बसला. राळेचा धूर खोलीत पसरला तेव्हा खिडकीपाशी बसलेल्या मास्तरांनी नाक वर केलं, क्षणभर इकडे बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडे बघू लागले. बाईंनी पाहून न पाहिल्यासारखं केलं, पण तिसरा डाग त्यांनी उगाचच जास्त वेळ दिला.

मग त्यांनी ते केलं, जे शिवणकाम करणाऱ्या बाईशिवाय कुणाला सुचलं नसतं. तीन तारा लोंबताना वाईट दिसतील, वकील बोंब मारतील, म्हणून त्यांनी तिन्ही एकीला एक लावून नायलॉनच्या दोऱ्यानं टाचल्या. दर चार बोटांवर एक टाका, सगळे टाके एका मापाचे. दोन्ही बाजू मिळून दीडशे. रात्रीच्या जेवणाआधी काम झालं तेव्हा ती तार एखाद्या बारीक दोरीसारखी गुळगुळीत दिसत होती आणि बाईंना स्वतःचाच अभिमान वाटला.

गुरुवारी तार गच्चीवर चढली. पाण्याच्या टाकीच्या चौकटीला ॲल्युमिनियमचा लांब पाइप उभा बांधला, त्याच्या टोकावर मधला जोड, आणि दोन्ही बाजू उतरत्या छपरासारख्या गच्चीच्या दोन कोपऱ्यांकडे ताणून दोरीनं बांधल्या. विजेच्या तारा इमारतीच्या दुसऱ्या अंगाला आहेत हे बाईंनी आधीच बघून ठेवलं होतं. मास्तरांचा वर्गातला पहिला धडा तोच असायचा. केबल पावसाळी नळाच्या कडेनं खाली आली आणि नेमकी मास्तरांच्या खिडकीतून आत शिरली, त्यामुळे त्यांना खुर्ची सरकवावी लागली. रेडिओ खोक्यातून टेबलावर आला. बाईंनी धूळ पुसली, चावी शेजारी ठेवली आणि स्वयंपाकाला लागल्या.

शुक्रवारी सकाळी त्या म्हणाल्या, “आता तपासा. मला तो काटा कळत नाही.”

हे खोटं होतं. पाठवलेली ताकद तारेतून परत आली की काटा उजवीकडे पळतो, डावीकडे राहिला तर तार चांगली, हे त्यांना ठाऊक होतं. पण लायसन्स मास्तरांचं आणि हातही त्यांचाच हवा होता. मास्तर टेबलाशी आले, बसले. चाळिसाच्या पट्ट्यावर चावी दाबली. काटा डावीकडे. त्यांनी भुवया उंचावल्या. विसावर गेले, दाबली, आणि काटा एकदम उजव्या कडेला जाऊन आपटला. दहावर तेच.

बाई काट्यावर वाकल्या. “काय चुकलं?”

मास्तरांनी खांदे उडवले. तिथेच पाटी ठेवून ते खिडकीशी गेले असते, तर सगळंच संपलं असतं. पण चाळीस वर्षं मुलांच्या चुका शोधलेला माणूस. त्यांनी पुन्हा एकदा काटा बघितला, पुन्हा दाबून बघितला, मग पाटीवर लिहिलं, ‘वर जाऊ.’

आठ महिन्यांत ते हॉस्पिटलखेरीज कुठेही गेले नव्हते. जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबत होते, गळ्यावरच्या जाळीदार फडक्यातून श्वास सूं सूं वाजत होता. बाई एक पायरी मागे राहिल्या, हात न लावता. गच्चीवर पोचल्यावर मास्तर कोपऱ्यात गेले, तारेचं टोक खाली ओढलं, चष्मा वर केला आणि टाके बघितले. बोटानं एक टाका चाचपला, दुसरा चाचपला. मग त्यांचे खांदे हलू लागले. बाई धावल्या, काही झालं की काय म्हणून. ते हसत होते. आवाज नव्हता, पण डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

“हसायला काय झालं?” बाई चिडल्या. “दीडशे टाके घातलेत मी.”

मास्तरांनी पाटीवर लिहिलं, ‘टाके सुंदर. सगळे उसव.’

“का?”

‘तारा जवळ आल्या की एकमेकींचं काम बिघडवतात. आकृतीत एकमेकींपासून लांब काढल्यात.’

“मला वाटलं दिसाव्यात म्हणून काढल्यात,” बाई म्हणाल्या. “आमच्या नमुन्याच्या कागदावर तीन मापांच्या तीन रेघा वेगवेगळ्या असतात. म्हणून कापड काय तीन ठिकाणी असतं?”

मास्तरांनी पाटी पुसली, काहीतरी लिहायला गेले, आणि पुन्हा हसू फुटल्यामुळे लिहिता आलं नाही. बाईंना राग आला होता आणि त्याच वेळी हे हसणं थांबू नये असंही वाटत होतं. त्यांनी कात्री काढली आणि तिथेच टाकीच्या सावलीत मांडी घालून उसवायला बसल्या. मास्तर समोर बसून तार धरून राहिले.

दुपारपर्यंत तिन्ही तारा मोकळ्या झाल्या. प्लास्टिकच्या पाइपचे हातभर तुकडे कापून, त्यांना भोकं पाडून तारा एकमेकींपासून लांब धरल्या, टोकं वेगवेगळ्या दोऱ्यांनी वेगवेगळ्या जागी बांधली. वकील आवाज ऐकून वर आले आणि बघतच राहिले.

“बाई, एकच तार म्हणालो होतो मी.”

“एकच आहे, वकीलसाहेब. घड्या उलगडल्यात फक्त.”

वकिलांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर उन्हात, धुळीत, पायजम्याला प्लास्टिकचा भुगा लागलेले, पाइपच्या भोकातून तार ओवत होते. वकील तसेच वळले, आणि खाली जाताना स्टूल पाठवून देतो म्हणाले.

मग तार मापात आणायची होती. मास्तर खाली रेडिओपाशी, बाई वर कात्री घेऊन, आणि मध्ये दीड मजला. पाटी इथे काय कामाची? मास्तरांनी खिडकीतून हात बाहेर काढून पावसाळी नळावर पाना वाजवायचा, असं ठरलं. एक ठोका म्हणजे दोन्ही टोकांची दोन-दोन बोटं तार कापा. दोन म्हणजे थांबा. तीन म्हणजे पुढची जोडी. आधी लांब तार, मग मधली, मग आखूड. एक ठोका. एक ठोका. बाई स्टुलावरून चढत उतरत होत्या, एकदा इकडे, एकदा तिकडे. एका ठोक्याला त्या दमून जरा टेकल्या, तर नळ घाईघाईनं सहा-सात वेळा वाजला. “आले हो, आले,” त्या कठड्यावरून ओरडल्या. “आवाज गेला तरी घाई काही गेली नाही.” चार वाजता मधल्या जोडीचे दोन ठोके आले, आणि पाचच्या सुमाराला शेवटचे दोन.

शनिवारी सकाळी सातला पाच कमी असताना मास्तर स्वतःहून टेबलाशी येऊन बसले. बाईंनी चहा ठेवला. तपासायचं म्हणूनच बसलेत, उद्या द्यायचाय म्हणून, असं त्यांनी मनाला बजावलं, म्हणजे नंतर वाईट वाटायला नको.

रेडिओतून खरखर आली आणि तिच्यातून एकेक ओळखीचा आवाज वर आला. डेंटिस्ट यादी वाचत होता. मास्तरांच्या वेळची शिस्त नव्हती, मध्येच कुणीतरी दाढ दुखते म्हणून सल्ला विचारत होतं आणि तो देतही होता. मास्तर नाक मुरडत ऐकत होते. शेवटी डेंटिस्ट म्हणाला, “आणखी कुणी राहिलंय?”

मास्तरांनी चावीवर बोट ठेवलं. कडकट्ट, कडकट्ट, त्यांनी आपला कॉलसाइन पाठवला.

“कुणीतरी चावी वाजवतंय,” डेंटिस्ट म्हणाला. त्याच्या पिढीला लायसन्सच्या परीक्षेला चावी नव्हतीच. त्याच्या कानाला तो नुसता किटकिटाट होता. “भाऊ, इथे हजेरी चालू आहे. कृपया जागा सोडा.”

मास्तरांनी पुन्हा पाठवला, सावकाश.

“लक्ष देऊ नका,” दुसराच कुणी म्हणाला. “मुद्दाम त्रास देतात असे लोक.”

मास्तरांचं बोट चावीवरून उठलं. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. एकोणीस वर्षं ज्या दारात उभं राहून ते लोकांना आत घेत होते, त्या दारातून त्यांना हाकललं होतं, आणि हाकलणाऱ्याला पत्ताही नव्हता. त्यांनी रेडिओ बंद करायला हात पुढे केला.

बाईंनी त्याआधी माइक उचलला. तरुणपणी मास्तर कितीदा म्हणाले होते, ‘एकदा बोल, मी आहे ना शेजारी,’ आणि इतक्या बोलक्या बाईंना कधी धीर झाला नव्हता. आता मास्तर शेजारी होते. त्यांनी बटण दाबलं.

“ऐका,” त्या म्हणाल्या, आणि आवाज इतका चढला की मास्तर दचकले. त्यांनी मास्तरांचा कॉलसाइन एकेक अक्षर करून सांगितला. “ते इथे बसलेत. चावी तेच वाजवतायत. त्यांचा घसा काढलाय, बोटं नाही काढली. त्रास देणारे म्हणता त्यांना? आणि हजेरीच्या मध्ये दाढा कसल्या तपासता?”

मास्तरांनी खुणेनं सांगितलं, बटण सोड. त्यांनी सोडलं.

मग एक थकलेला, कापरा आवाज आला. तारखात्यात आयुष्य गेलेले, यादीतले सगळ्यात म्हातारे गृहस्थ. सगळे त्यांना तारबाबू म्हणायचे. “मला तो हात ओळखीचा वाटला होता,” ते म्हणाले. “पण या वयात मी माझ्या कानांवर विश्वास ठेवत नाही. मास्तर, पाठव. मी सगळ्यांना वाचून दाखवतो.”

मास्तरांनी चावीवर बोट ठेवलं.

“म्हणतोय, हजर,” तारबाबू म्हणाले. “उशिराबद्दल माफ करा.”

एकाच वेळी इतके जण बोलू लागले की नुसता गोंधळ झाला. शेवटी डेंटिस्टचा आवाज वर आला, ओशाळलेला. “सर, चुकलं. मी उद्या येऊ ना?”

चावी वाजली. “म्हणतोय, ये,” तारबाबूंनी वाचलं. “रेडिओ मिळणार नाही. चावी शिकायला ये.”

बाई हसल्या, आणि हसताना त्यांना टेबलाची कड धरावी लागली. कुणीतरी विचारलं, “मास्तर, सिग्नल फार स्वच्छ येतोय. नवी तार कुणी बांधली?”

या वेळी चावी बराच वेळ चालली. मध्ये थांबली, पुन्हा चालली. मास्तर बाईंकडे बघत नव्हते, काट्याकडे बघत होते. शेवटी तारबाबूंचा आवाज आला.

“तार घरच्यांनी बांधली, असं म्हणतोय,” ते म्हणाले. “पुढचं बाई, तुमच्यासाठी आहे. सगळ्यांसमोर वाचू का?”

बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी काट्यावरची नजर न काढता मान हलवली. बाईंनी बटण दाबून म्हटलं, “वाचा,” आणि सोडलं.

“म्हणतोय,” तारबाबूंनी एकेक शब्द तारेतला असावा तसा, काही न घालता, काही न गाळता वाचला, “आठ महिने पाटीवर चहा लिहिला. दुसरं लिहायला गेलो की हात चालायचा नाही. मी घाबरलोय. आजही घाबरलोय. सकाळी उठतो ते मशीनचा आवाज येतो म्हणून. संपलं. बाई, मिळालं का तुम्हाला?”

बाईंनी बटण दाबलं. “मिळालं,” त्या म्हणाल्या.

बोलून झालं की बटण सोडायचं असतं, हे त्या विसरल्या. अंगठा दाबलेलाच राहिला, आणि तीस गावांतले तीस लोक गप्प बसून एका बाईचं हुंदके आवरणं ऐकत राहिले. कुणी मध्ये आलं नाही. मास्तरांनी बराच वेळ तसंच राहू दिलं, मग हात पुढे करून त्यांचा अंगठा हळूच उचलला आणि आपल्या हातात धरून ठेवला.